पाचवी अळी

बाई कुणाशीही बोलायच्या त्या उकिडव्या बसून. समोर सहा वर्षांचं पोर असो की शिक्षण खात्याचे साहेब, साडी आवरून त्या खाली बसत आणि समोरचा खाली येण्याची वाट पाहत. इस्त्रीच्या पँटीतले आम्ही पालक आधी अवघडून उभे राहायचो, मग नाइलाजाने गुडघे मोडायचो. आपसात आम्ही त्यांना ‘उकिडव्या बाई’ म्हणत असू. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्यापासून बरीच आत, एका शेतकऱ्याच्या पडीक जमिनीवर त्यांची शाळा होती. पत्र्याच्या दोन खोल्या, एक विहीर आणि बाकी सगळं रान. आमची मुक्ता सातव्या वर्षी तिथे आली ती बोलणं बंद करून. पेठेतल्या नावाजलेल्या शाळेत एकदा पाढा चुकला आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून ती घरीसुद्धा मानेनेच उत्तर द्यायची. मी टपाल खात्यातला, मुदतीत कामं उरकणारा माणूस. पहिल्याच भेटीत विचारलं, “साधारण किती दिवसांत बोलेल?”

“अहो, मुलगी आहे. नळ नाही,” बाई म्हणाल्या.

शाळेत प्रत्येक मुलाला एक छोटा वाफा मिळे. त्यात पेरायचं काही नाही, उपटायचं काही नाही. वर्षभर जे उगवेल ते रोज सकाळी बसून पाहायचं. वाटलं तर बाईंना सांगायचं, नाही वाटलं तर नाही. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. जमिनीचे मालक कधी कधी बांधावरून पाहत आणि म्हणत, “आमच्यात याला तण म्हणत्यात. बाईंनी त्याचीच शाळा काढली हाय.” बाई हसत आणि त्यांनाही बसायला सांगत.

पालकांना बोलावलं होतं त्या दिवशी मी तासभर आधीच पोचलो. शेजारच्या वाफ्यात तेरडा फुलला होता आणि आमच्या मुक्ताच्या वाफ्यात नुसतं गवत आणि गुडघाभर वाढलेली रुई. नियम मला माहीत होता. पण पाहुणे यायचे तर घर आवरायचं, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. बाह्या सरसावल्या आणि अर्ध्या तासात वाफा असा लख्ख केला की मलाच समाधान वाटलं. उपटलेलं सगळं कुंपणापाशी ढिगावर टाकलं. हाताला रुईचा चीक लागला तो धुतला.

मुक्ता आली, वाफ्याकडे पाहिलं आणि खोलीच्या भिंतीकडे तोंड करून बसली. बाई माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. त्यांच्याकडून कळलं की रुईवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या होत्या आणि गेला आठवडाभर मुक्ता त्यांच्याबद्दल बाईंशी बोलत होती. हळू आवाजात, पण बोलत होती. मला ते आधी का सांगितलं नाहीत, असं मी विचारलं. “तुम्ही मोजायला बसला असतात,” त्या म्हणाल्या. त्यांचं खरं होतं.

“आता काय करू?”

“तिला सांगा, चुकलो. ‘पण’ म्हणायचं नाही.”

आमच्या घरात बापाने मुलाजवळ चूक कबूल केल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. मुक्ताशेजारी बसलो, तिच्या पाठीशी बोललो. ‘पण’ जिभेवर आला होता, तो गिळला. ती उठली आणि ढिगाकडे गेली. आम्ही दोघं एकेक पान उलटून पाहू लागलो. तीन सापडल्या. बऱ्याच वेळाने चौथी. मी उठायला लागलो तशी ती म्हणाली,

“पाच होत्या.”

कित्येक महिन्यांनी ती माझ्याशी बोलली होती. मी पुन्हा बसलो. उन्हं डोक्यावर येईस्तोवर शोधलं, पाचवी मिळाली नाही. उरलेल्या चौघी घरी नेल्या. रोज ऑफिसला जाण्याआधी रस्त्याकडेची रुईची पानं खुडून आणणं हे माझं काम झालं. चार फुलपाखरं उडाली, तोवर मुक्ता आईशीही बोलू लागली होती.

वर्षाअखेरीच्या प्रगतिपुस्तकात गुण नव्हतेच. मुक्ताबद्दल पानभर लिहिलं होतं आणि खाली एक ओळ माझ्यासाठी: ‘वडिलांची प्रगती सावकाश, पण आहे.’

पुढे ती जमीन गेली, तिथे इमारती उभ्या राहिल्या. बाई येरवड्याला भाचीकडे राहायला गेल्या. मुक्ता आता इतकं बोलते की फोन कानापासून लांब धरावा लागतो. मागच्या उन्हाळ्यात बाईंना भेटायला गेलो. त्या खुर्चीत होत्या. पाय खाली टेकत नव्हते. माझेही गुडघे आता दुखतात, तरी मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, कळेना.

“पाचवी सापडली का हो?” त्यांनी विचारलं.

हो म्हणावंसं फार वाटलं. “नाही, बाई.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि माझा हात हातात घेतला. त्यानंतर महिन्याभरात त्या गेल्या. सोसायटीचा माळी परवा कुंपणाशी उगवलेली रुई उपटायला निघाला होता. मी त्याला थांबवलं, खाली बसलो आणि एकेक पान उलटून पाहिलं.