सहीची रिकामी जागा

आमच्या बुद्धिबळ मंडळाचे पंच नोकरीत दुकानांची वजनमापं तपासायचे. त्यामुळे समोरचा माणूसही पाच ग्रॅम कमी भरतोय की काय, अशाच नजरेने ते बघत. डाव संपला की दोन्ही खेळाडूंनी नोंदीच्या कागदावर सह्या करायच्या, खाली पंचाची सही. त्याशिवाय डाव झालाच नाही, हा त्यांचा कायदा. एकदा त्यांचा सख्खा मेहुणा जिंकल्याच्या आनंदात सही न करताच घरी गेला. दुसऱ्या दिवशी हे चार जिने चढून हजर! मेहुणा आंघोळीत होता, तर कागद-पेन दाराच्या फटीतून आत सरकवलं. ओल्या बोटांची ती सही अजून मंडळाच्या कपाटात आहे.

मंडळातला सर्वांत चांगला खेळाडू म्हणजे चष्म्यांचं दुकान चालवणारा चष्मेवाला, पंचांचा शाळेपासूनचा दोस्त. नाक्यावर एक कॉम्प्युटरचं दुकान उघडलं, तेव्हा मालकाने माणूस विरुद्ध यंत्र असा बुद्धिबळाचा सामना ठेवला. पंचांसकट आमचं सगळं मंडळ तिथे हजर होतं. चष्मेवाला इस्त्रीचा कोट घालून आला. आठ दिवस त्याने गिऱ्हाइकांना चुकीच्या डब्यांत चष्मे दिले होते, इतका तो तयारीत बुडाला होता. यंत्राच्या सोंगट्या हलवायला दुकानातला विक्रेता बसला. त्याने घोडा उलट्या तोंडाने ठेवला. लोक फुगे आणि फुकटच्या छत्र्यांसाठी जमले होते. तेविसाव्या खेळीला भोंग्यावर सोडतीचा नंबर पुकारला गेला आणि तेवढ्यात चष्मेवाल्याने हत्ती पुढे सरकवला. तिथेच घोटाळा झाला.

हरल्यावर त्याने रीतीप्रमाणे हात पुढे केला. विक्रेता छत्र्या वाटायला उठला होता. हात थोडा वेळ तसाच राहिला, मग त्याने त्याच हाताने कागदावर सही केली.

"हरलो रे," तो पंचांना म्हणाला. "कर सही."

"कसली सही? समोरच्याची आहे का?" पंचांनी कागद परत दिला. "हरायला समोर कुणीतरी लागतं. अरे, वजनकाट्याशी कुस्ती खेळून कुणी हरतं का? जाहिरात होती ती! सोडून दे."

आम्ही सगळे हसलो. मित्राला धीर देतोय, असंच पंचांना वाटत होतं. चष्मेवालाही हसला, जरा उशिरा.

त्यानंतर तो रविवारी यायचा बंद झाला. विचारलं तर म्हणे, डोळे दुखतात. चष्मेवाल्याचे डोळे दुखतात, हे आम्ही चार वर्षं खरं मानलं. पंच दर रविवारी पट मांडून समोरची खुर्ची रिकामी ठेवत आणि शेवटी माझ्यासारख्या कच्च्या लिंबाशी खेळून घरी जात.

चष्मेवाला गेला त्यानंतर महिनाभराने त्याची मुलगी मंडळात आली. तिने तोच कागद पंचांपुढे ठेवला.

"काका, बाबा म्हणायचे, यावर तुमची सही राहिलीय."

पंचांनी चष्मा लावला. तोही दोस्तानेच बनवलेला. कागदाची मागची बाजू मुंगीएवढ्या अक्षरांनी भरली होती. तोच डाव परत परत मांडलेला, प्रत्येक वेळी तारीख घालून. शेवटची तारीख दोन महिन्यांपूर्वीची: 'तेविसाव्या खेळीला हत्ती मागे घेतला असता, तर बरोबरी.'

"मला सारखं विचारायचे," मुलगी म्हणाली, "तो डाव खरा होता ना गं? मला काय कळणार त्यातलं?"

"मग मला का नाही विचारलं त्याने?"

ती जरा घुटमळली. "तुम्ही हसाल, म्हणाले."

पंचांनी कागद उलटून सुलटा केला. मग त्यांनी पेन काढलं आणि दोस्ताच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं: हार.

"समोरच्याची सही?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"राहू दे."

त्यांनी खाली स्वतःची सही केली. तारखेपाशी त्यांचा हात अडला. सही आजची आणि तारीख सामन्याच्या दिवसाची, हे नियमात बसत नव्हतं. त्यांनी आजचीच घातली.