तिसऱ्या सरातला काळा मणी

माझ्या मोत्यांच्या तोरणात एक मणी काळा असतो. सगळे सर पांढरेशुभ्र, आणि डावीकडून तिसऱ्या सरात, अगदी खाली, हा एक काळा. मोबाईलवर फोटो टाकला की कुणी ना कुणी लिहितंच, ताई, एक मणी चुकलाय. माझं डोकंच सटकतं. चुकला न्हाई बाई, दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम लावलाय. नको असंल तर बाजारात ढीगभर तोरणं पडलीत, ती घ्या. नवरा म्हणतो, गिऱ्हाइकाशी असं बोलतात का? पण घेतात लोक. चौसाळ्यात बसून केलेली माझी तोरणं पार पुण्याच्या रुखवतात मांडली गेलीत.

मणी लावायला शिकवलं माझ्या मैत्रिणीनं. तिच्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान आमच्या घराला लागूनच. तिथं मणीही मिळायचे, आणि फाटक्या पुड्यांमधले मणी आमच्या वाट्याला यायचे. दहावीनंतर दोघींचीही शाळा सुटली. मग दुपारी त्यांच्या ओसरीवर दोन खांबांना दोरी बांधायची, दोरीला तोरण लटकवायचं, एका बाजूला ती बसणार, दुसऱ्या बाजूला मी. मधून सर ओवत जायचे. सर कमी असले की एकमेकींची तोंडं दिसायची, वाढत गेले की नुसतं हसणं ऐकू यायचं. वरची आरशांची पट्टी सगळ्यात शेवटी. ज्या बाजूनं पट्टी शिवली ती तोरणाची दर्शनी बाजू.

अशी दोन तोरणं झाली. एक माझ्या रुखवताला, त्याची पट्टी मी माझ्या बाजूनं शिवली; एक तिच्या दहेजच्या पेटीत, त्याची तिनं तिच्या बाजूनं. तिचं लग्न आधी झालं, थेट हैदराबादला. निघताना ती एवढंच बोलली, "काळा मणी इसरू नको बरं का." मी कशाला इसरते!

पुढं तिच्या अब्बांनी दुकान मोडलं, घरदार घेऊन गेले. कुठं गेले ते कुणालाच धड सांगता येईना. तवा आमच्याकडं कुठले आले फोन? बावीस वर्षं झाली. खरं सांगते, मी फोटो टाकायला लागले ते धंद्यासाठी न्हाई. धंदा आपसूक झाला. मला वाटायचं, कुठंतरी तिच्या हातात मोबाईल असंल, काळा मणी दिसंल आणि ती ओळखंल. नवा मेसेज आला की आधी नाव बघायचे. जीव नुसता तीळ तीळ तुटायचा.

गेल्या उन्हाळ्यात एका पोरीनं हिंदीत लिहिलं, तुमचा काळा मणी उलट्या बाजूला आहे. आता डावं-उजवंही हिनंच शिकवावं मला! चांगलं खरमरीत उत्तर लिहायला घेतलं, तेवढ्यात खालची ओळ वाचली. आमची अम्मी उजवीकडून तिसऱ्या सरात लावायची.

मी तसाच फोन लावला. तुझी अम्मी चौसाळ्याची का, विचारलं. हो म्हणाली. मी म्हटलं, "आधी तिला दे फोन."

पोर म्हणाली, "खाला, अम्मीला जाऊन दोन वर्षं झाली."

पुढं तीच बोलत राहिली, मी नुसती हं हं करत होते. तिचं लग्न ठरलंय. अम्मीचं तोरण घर बदलताना तुटलं, मणी सांडून गेले. तसंच पाहिजे म्हणून ती किती दिवस फोटो धुंडाळत होती. मला पैसे घ्या म्हणाली, मी तिला रागावले.

दुसऱ्या दिवशी दोरी बांधली. सवयीनं माझ्याच बाजूला बसले, सगळे सर ओवले, डावीकडून तिसऱ्यात काळा मणी घातला. आता राहिली पट्टी. ती मात्र मैत्रिणीच्या बाजूनं शिवायची होती. उठले, वळसा घालून पलीकडं गेले, खाली बसले. काळा मणी बरोबर उजवीकडं आला. पट्टी शिवून झाली तरी मला उठावंसं वाटेना. सर बाजूला करून पलीकडं बघितलं. माझी चटई तशीच पडली होती. इथून तिला मी दिसायचे.