बिनफवाऱ्याची रांग

सुधाक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या नाचणीच्या रोपांची माफी मागत होत्या. तीही मराठीत! "तुम्हाला काही नाही रे मिळणार. रागावू नका हं." नागपूरहून बंगळुरूच्या त्या प्रयोगशाळेत रुजू झाले, तो माझा पहिला दिवस. मराठी कानावर पडताच मी काचघराच्या दारात थबकले.

"महाराष्ट्रातल्या का तुम्ही?"

"अय्यो, नाही गं. पिढ्यान्पिढ्या इथलेच आम्ही. मराठी आपली घरात."

घर बनशंकरीला. यजमान गेलेले, मुलगी परदेशी. घरात मराठी बोलायला कुणी उरलंच नव्हतं, म्हणून मग रोपांशी.

आमचं काम म्हणजे रोपांचा छळच. सगळ्यांचं पाणी तोडायचं, पण त्याआधी एका रांगेवर पॉलिअमाइनचा, म्हणजे कोरड्यात तग धरायला मदत करणाऱ्या औषधाचा, फवारा मारायचा, दुसरीवर काहीच नाही. मग कोण जास्त तग धरतं ते बघत बसायचं. त्यातलं एक पॉलिअमाइन, पुट्रेसीन, कुजक्या मांसासारखं घाण मारतं. अक्कांच्या साडीला तो वास असायचाच, डब्याच्या वेळी माणसं सरकून बसत. मी श्वास रोखून शेजारी बसायची. मराठीसाठी काय वाट्टेल ते!

प्रयोग संपला की बिनफवाऱ्याच्या रांगेतली उरलीसुरली मरतुकडी रोपं पिशवीत घालून अक्का बसने घरी न्यायच्या. "कशाला हा उपद्व्याप?" मी चिडवायची.

"स्वल्प पाणी मिळालं की उठतात गं काही. झाडाला कुठं पळता येतं? म्हणून हे औषध ते आपलं आपण बनवतं. बाहेरून नाही मिळालं, तरी आत थोडं असतंच."

त्या निवृत्त झाल्यावर, सर्जापूर रोडला माझ्याकडे राहायला या म्हणून मी किती भांडले! माझी एक खोली रिकामीच होती, आणि संध्याकाळी ती मला खायला उठायची. "सरी, सरी, बरं, बघू," म्हणायच्या. फोनवरही तेच. "मी बरी आहे गं. आत थोडं असतंच."

या उन्हाळ्यात अक्का गेल्या. झोपेतच, शेजारणीने कळवलं. त्यांच्या गच्चीवर त्या रोपांच्या कुंड्या कोरड्या ठणठणीत पडल्या होत्या. त्या मी घरी आणल्या, रोज पाणी घातलं. एकही रोप उठलं नाही. आतलं संपतंही, हे मात्र बाई कधी बोलली नाही. राग येतो मला तिचा, अजून येतो.

परवा नवा प्रयोग लावला. एका रांगेवर औषध फवारून दुसरीपाशी आले आणि तोंडून निघूनच गेलं, "तुम्हाला काही नाही रे मिळणार."

मी वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.