झुंबरवहिनी आणि सव्वातीनशे ग्रॅम

झुंबरवहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. माहेर केंदूरचं, सासर राहूचं. शिक्षण सातवी. भाऊ लवकर गेला, तेव्हापासून ती बापूसाहेबांच्या गुऱ्हाळावर वजनकाट्याशी उभी राहायची. मी त्याच गुऱ्हाळावर एकतीस वर्षं गुळाच्या ढेपा उचलल्या. ढेप काट्यावर मी ठेवायचो, आकडा ती वाचायची. वाचताना काट्याच्या बरोबर समोर यायची. कडेनं वाचलेला आकडा चुकतो. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, पण दोन पावलं चालायचा कंटाळा येतो.

१९९९ साली पुण्याच्या एका संस्थेनं आमच्या भागात आरोग्याचा अभ्यास सुरू केला. राहू, कासुर्डी आणि नदीपलीकडची शिरूर तालुक्यातली काही गावं. पोटातल्या बाळापासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांची माहिती घ्यायची. गरोदर बाईचं रक्त, जन्मलेल्या बाळाचं वजन, शाळेतल्या पोराची उंची, म्हाताऱ्याचा बीपी. कामाला गावातल्याच बायका हव्या होत्या. संस्थेचे सत्यजीत साहेब निवडायला आले. त्यांनी सात बायकांना एकच पाण्याची बाटली तोलायला दिली. सहा जणींनी लगेच आकडा सांगितला. वहिनीनं आधी रिकामा काटा शून्यावर आहे का ते बघितलं. नव्हता. साहेबांनी तो मुद्दाम सरकवला होता.

तिला काम मिळालं. माझे तोवर गुडघे गेले होते, पण गाडी चालवण्यापुरते शाबूत होते. तिला वस्त्यांवर न्यायचं काम मी धरलं. माझी एम-एटी दुचाकी, मागं ती, तिच्या मांडीवर काट्याची पेटी. काटा स्प्रिंगचा, टांगायचा. खाली कापडाची झोळी. रोज सकाळी ती त्याला एक किलोचं वजन लावून तपासायची आणि मगच घर सोडायची. दीड वर्षात एक दिवस चुकला नाही.

बाळ जन्मलं की तीन दिवसांच्या आत तोलायचं. वजन दोन किलोच्या वर असेल तर पुढची भेट सातव्या दिवशी. दोनच्या खाली असेल तर रोज. अठराशे ग्रॅमच्या खाली असेल तर घरी ठेवायचंच नाही, दवाखान्यात न्यायचं. नियम एवढाच होता.

बाळ उघडं तोलायचं असं कागदावर होतं. पण आमच्याकडं पाचवी पुजल्याशिवाय परका माणूस बाळाला हात लावत नाही. त्यात थंडी. म्हणून साहेबांनी सवलत दिली होती. घरच्या बाईनं बाळ दुपट्यासकट झोळीत ठेवावं, मग तसलंच दुसरं दुपटं तोलून वजा करावं. वहिनीला ही सवलत आवडली नव्हती. "ढेप कधी पोत्यासकट तोलली का आपण?" असं ती मला म्हणाली होती. पण साहेबांनी सांगितलं म्हणून ती तसं करत होती.

२००१चा जानेवारी. सकाळी अकराला आम्ही राहूच्या नदीकडच्या वस्तीवर गेलो. धनगरांची पाच-सहा घरं. पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जाणारी माणसं, आता ऊस लावतात. गिताबाईच्या सुनेला, स्वप्नालीला, दोन दिवसांची मुलगी होती. स्वप्नाली पहिलटकरीण, आणि पोरगी दिवस भरायच्या आधी झालेली. गिताबाईचा मुलगा शंभू कुरकुंभच्या कंपनीत, फर्स्ट शिफ्टला गेलेला.

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नसतं. मी ओट्यावर बसलो. आतलं बोलणं ऐकू येत होतं.

"हात न्हाई लावायचा झुंबर, सांगून ठिवते," गिताबाई म्हणाली.

"न्हाई लावत मावशी. तुम्हीच ठिवा झोळीत."

"आन् मोठ्यानं आकडा बोलायचा न्हाई. दिष्ट लागती."

"लिहिते फकस्त."

बाळ रडलं. आवाज अगदी बारीक होता. मांजराचं पिल्लू दुसऱ्या खोलीत असावं तसा. थोड्या वेळानं गिताबाई बाहेर आली. चहा दिला. मग उंबऱ्याशी बसून तिनं सुपारी दगडानं फोडली आणि मला तुकडा दिला. तुकडा वेडावाकडा होता. दाढेत रुतला.

वहिनी बाहेर आली. गाडी सुरू करताना मी विचारलं, "किती भरलं?"

"दुपट्यासकट चोवीसशे पन्नास. दुपटं चारशे. राहिलं दोन हजार पन्नास."

"म्हंजी बरंय की."

"व्हय. सातव्या दिवशी यायचं." ती मागं बसली. मग म्हणाली, "पर भावजी, रडणं ऐकलं का?"

"ऐकलं."

"दोन किलोचं पोर आसं रडत न्हाई."

"काटा तपासलाय ना सकाळी?"

"तपासलाय."

"मग?"

तिनं पेटी मांडीवर घेतली. पाऊण तासानं कासुर्डीला पोचलो. तिथं एका म्हाताऱ्याचा बीपी घ्यायचा होता. मी बाहेर उभा राहून काडीनं दाढ कोरत होतो. ती काम आटोपून आली.

"काय झालं दाढंला?"

"गिताबाईची सुपारी. दगडानं फोडून दिली. एवढा मोठा लोखंडी अडकित्ता हाय तिच्याकडं, सासऱ्याच्या येळचा. गेला कुठं कुणाला ठावं."

वहिनीच्या हातातली पेटी तशीच राहिली.

"भावजी, अडकित्ता कुठं आसंल?"

मला अजून उमजलं नव्हतं. बाळाजवळ लोखंड ठेवतात हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. विळा, खुरपं, अडकित्ता, काही ना काही. उशाखाली ठेवतात, बाहेरचं काही लागू नये म्हणून. तिच्या स्वतःच्या लेकरांनाही ठेवलं होतं. इतकं रोजचं होतं की ते विचारायची गोष्ट आहे असं कुणालाच वाटलं नाही. साहेबांना ठाऊक नव्हतं आणि आम्हाला ठाऊक होतं, म्हणून दोघांकडूनही राहिलं.

"उशाला उशी नव्हती," ती म्हणाली. "दुपट्यात हाय तो. गाडी फिरवा."

मी गाडी फिरवली. यवतच्या पुढं रस्ता उसाच्या ट्रॅक्टरनी भरलेला. एका ट्रॉलीमागं दहा मिनिटं अडकलो. वहिनी मागून एकदाच बोलली. "अडकित्ता पावशेराच्या वर आसंल तर पोर अठराशाच्या खाली गेलं."  मी कच्च्या वाटेनं गाडी घातली. हे माझ्या गुडघ्यांनी पुढचे चार दिवस लक्षात ठेवलं.

दीड वाजता वस्तीवर पोचलो. गिताबाई ओट्यावर ज्वारी निवडत होती.

"काय गं, काय इसरलं?"

"मावशी, अडकित्ता कुठं हाय?"

"बाळापाशी. का?"

"दुपट्यात?"

"मग काय पान खायाला दिलाय पोरीला?"

"मावशी, पुन्हा तोलावं लागंल."

गिताबाईनं सूप खाली ठेवलं. "येडी झाली का? एकदा तोललं, म्या गप बसले. दोनदा तोललं की लेकरू कमी व्हतं. पाचवीच्या आत तर न्हाईच न्हाई. जा बाई तू."

"पोरगी प्यायली का सकाळपासून?"

"झोपाळू हाय. बाप बी आसाच व्हता."

आतून स्वप्नालीचा आवाज आला, "न्हाई प्यायली ताई. तोंडच उघडत न्हाई."

"तू गप गं," गिताबाई म्हणाली. पण तिचा आवाज खाली आला होता.

मी वहिनीला गुऱ्हाळापासून पाहत होतो. ती कुणाशी भांडायची नाही, आणि काम केल्याशिवाय उठायचीही नाही. ती गिताबाईच्या समोर जमिनीवर बसली.

"बाळ न्हाई तोलत मावशी. बाळाला हात बी लावत न्हाई. अडकित्ता तोलते."

"अडकित्ता?"

"लोखंड तोलल्यानं लोखंड कमी व्हत आसंल तर हू दे."

गिताबाईनं सूप बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "तेवढा येळ बाळापाशी लोखंड नगं का?"

मी गाडीचा टूलबॉक्स उघडला. प्लगचा पाना काढला, धोतराला पुसला आणि पुढं केला. "हा घ्या. अस्सल लोखंड. माझ्या गाडीला आजवर भूत लागलं न्हाई."

"तुझ्या गाडीला भूत बी बसायचं न्हाई हरिबा," असं म्हणत तिनं पाना घेतला आणि आत गेली. अडकित्ता घेऊन आली. जुना, जाड, मुठीला पितळी गोळ्या.

वहिनीनं काटा ओट्याच्या वाशाला टांगला. रिकामी झोळी, शून्य बघितलं. अडकित्ता ठेवला. समोर आली. वाचलं. झोळी काढली, पुन्हा शून्य बघितलं, पुन्हा ठेवला, पुन्हा वाचलं. मी मनात म्हटलं, एकदा पुरे. पण ती बरोबर होती.

"सव्वातीनशे."

दोन हजार पन्नासमधून सव्वातीनशे गेले. सतराशे पंचवीस.

"मावशी, आत्ताच्या आत्ता दवाखाना. थांबायचं न्हाई."

"बाळंतीण पाचवीच्या आत उंबरा वलांडत न्हाई."

"मावशी, तुमच्या मेंढरांत कच्चं कोकरू झालं, उठंना, पिईना, तर तुम्ही काय करत व्हता?"

"घोंगड्यात घ्यायचो. अंगाशी. पोटाशी धरून चालायचो."

"आन् मेंढरांचा वाडा मोडून फुडं जायची येळ आली तर?"

गिताबाईनं आतल्या दाराकडं बघितलं.

"कोकराला ठिवून जात व्हता का मागं?"

"न्हाई," ती म्हणाली. उठली. "हरिबा, गाडी आण."

एम-एटीवर बाळंतीण नेता येत नाही. मी गुऱ्हाळावर गेलो. टेंपो ढेपांनी भरून निघायच्या तयारीत होता. ड्रायव्हर खंडू मला म्हणाला, "आप्पा, मार्केट गाठायचंय. मालक वरडतील."

बापूसाहेब तिथंच होते. मी दोन वाक्यांत सांगितलं. ते म्हणाले, "ढेपा उद्या बी ढेपाच राहत्यात. जा."

केबिनमध्ये स्वप्नाली आणि गिताबाई. वहिनीनं स्वप्नालीच्या पोलक्याच्या आत, उघड्या छातीला लावून बाळ बांधायला लावलं. वरून गिताबाईचं घोंगडं. गाठ गिताबाईनं मारली. कोकराची गाठ, पक्की पण दम कोंडू न देणारी. वहिनी स्वतः मागं ढेपांवर बसली. मी गाडीवरून मागोमाग. दर थोड्या वेळानं ती केबिनच्या पाठीवर थाप मारायची. आतून गिताबाई दोन थापा द्यायची. म्हणजे श्वास चालू आहे. एकदा आतून थाप आली नाही. वहिनी ढेपांवर उभी राहिली, चालत्या टेंपोत. मग आली थाप. ती खाली बसली.

यवतच्या सरकारी दवाखान्यात थर्मामीटर लावला तर पारा पुरता चढेना. तिथल्या नर्सनं नळीनं दूध दिलं आणि ॲम्ब्युलन्सनं पुण्याला पाठवलं. बाळ तसंच आईच्या अंगाला बांधलेलं. शंभू शिफ्ट सुटल्यावर परस्पर तिकडं गेला. पोर तगेल का, हे पुढचे आठ दिवस कुणी सांगेना.

त्या आठ दिवसांत वहिनी घरी बसली नाही. सत्यजीत साहेबांपुढं तिनं फॉर्म ठेवला. जुन्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खाली नवा आकडा, सही, आणि शेऱ्यात 'अडकित्ता सव्वातीनशे ग्रॅम'.

"झुंबरताई, तुमच्या फॉर्मवर कधी खाडाखोड नसते," साहेब म्हणाले.

"आता लई होणार हाय, साहेब. थंडी सुरू झाल्यापासून आणखी सदतीस बाळं दुपट्यासकट तोललीत."

"एवढं मागं जायची गरज नाही. इथून पुढं विचारा."

"सदतीस घरं फिरून येते," ती म्हणाली. परवानगी मागितली नाही.

आम्ही फिरलो. प्रत्येक घरी एकच प्रश्न. लोखंड कुठं ठेवलं होतं? सव्वीस घरी उशाखाली किंवा बाजेखाली होतं. अकरा घरी दुपट्यात. किल्ली, मोठा खिळा, विळ्याचं टोक, बैलगाडीच्या चाकाची खीळ. वहिनी प्रत्येक वस्तू तोलायची, दोनदा, आणि रेघ मारायची. दहा पोरांचं निभावलं होतं.

अकरावं घर कासुर्डीचं, साखरबाईचं. तिचा नातू विसाव्या दिवशी गेला होता. डिसेंबरात. फॉर्मवर एकोणीसशे होतं, म्हणून वहिनी रोज जात होती. पण दवाखान्यात नेलं नव्हतं. नियमात बसत नव्हतं.

साखरबाईनं खुरप्याचं मोडकं पातं आणून दिलं. दोनशे ग्रॅम भरलं. वहिनीनं लिहिलं.

"आधी काय व्हतं?" साखरबाईनं विचारलं.

मला वाटलं, वहिनी काहीतरी पुटपुटेल. तिनं सांगितलं. "एकोणीसशे. आता सतराशे. सतराशे ठावं असतं तर मी त्याला दवाखान्यात न्यायला लावलं असतं."

साखरबाई पात्याकडं बघत राहिली. "त्ये म्याच ठिवलं व्हतं. माझ्या हातानं."

"आन् मी इचारलं न्हाई."

 कुणी कुणाला समजावलं नाही. निघताना साखरबाईनं पातं परत घेतलं नाही. ते वहिनीनं काट्याच्या पेटीत ठेवलं. पुढं ती कामावर होती तोवर ते पेटीत होतं. एखादी म्हातारी ऐकेनाशी झाली की ती ते पातं काढायची, पण गोष्ट सांगायची नाही. नुसतं काट्यावर ठेवून दाखवायची.

अठ्ठाविसाव्या दिवसाचं वजन गिताबाईच्या घरी घ्यायचं होतं. पोर एकोणीस दिवसांनी परत आलं होतं, नाव अंकिता ठेवलं होतं. आम्ही गेलो तेव्हा ऊन चांगलं पडलं होतं. गिताबाईनं वहिनीला बसू दिलं नाही. स्वतः दुपटं सोडलं. मनगटातले मणी काढले, कमरेचा करदोडा काढला, पायातले वाळे काढले. सगळं ओट्यावर मांडलं. मला तोंड फिरवायला सांगितलं नाही.

"अंगावर सुतळी बी न्हाई. बघ," ती म्हणाली. "उचल आता. तूच उचल."

वहिनीनं हात पुसले. अंकिताला उचललं, झोळीत ठेवलं. समोर आली. अंकिता एवढ्या जोरात ओरडली की वाशावरची चिमणी उडाली.

"एकवीसशे पंचाहत्तर."

"मोठ्यानं बोललीस," गिताबाई म्हणाली.

"बोलले."

 गिताबाईनं कनवटीचा अडकित्ता काढला, सुपारी कातरली आणि मला दिली. बारीक, एकसारखी.