गाडल्याच्या कडेचं घर

माझं माहेर मलकापूरच्या पलीकडं, रत्नागिरीचा रस्ता सोडून आत गेल्यावर डोंगराच्या उतारावर आहे. वर सडा, म्हणजे कातळाचं मोठं पठार. खाली ओढा. मधल्या उतारावर भाताची खाचरं आणि त्यांच्यात विखुरलेली घरं. ओढ्यावरचा साकव ओलांडला की खालचं गाव लागतं. शाळा, डेअरी, एसटीचा थांबा सगळं तिकडं.

वाडीला दोन आळ्या आहेत आणि त्यांच्या मधोमध वरून खालपर्यंत एक रुंद पट्टा नुसता शेताचा. जागा एवढी अडचणीची, तरी तिथं कुणी घर बांधलेलं नाही. त्या शेताला सगळे 'गाडलं' म्हणतात. लहानपणी मी समजायचे, तिथं पूर्वी बैलगाड्या सोडत असतील. आमचं घर त्या पट्ट्याला अगदी लागून.

लग्नानंतर मी पेठ वडगावला आले आणि तिथल्याच शाळेत शिकवायला लागले. काही वर्षांपूर्वीच्या आषाढात आण्णांना, म्हणजे वडिलांना, डॉक्टरला दाखवायचं म्हणून वाडीवर गेले. पाऊस आठवडाभर उघडला नव्हता. मी पिशवी खाली ठेवायच्या आत धाकटा भाऊ म्हणाला, "आक्का, जरा सड्यावर चल." आण्णांसमोर तो जास्त बोलला नाही. वाटेत त्यानं सांगितलं, की म्हसरं चारायला गेलेल्या शेजाऱ्याला वर काहीतरी दिसलंय.

सड्याच्या काठाला समांतर जमीन फाटली होती. भेग हातभर रुंद, आणि लांबी इतकी की तिचं दुसरं टोक धुक्यात कुठं जातंय ते कळेना. तिच्यावर दोन्हीकडून गवत लोंबत होतं. सड्यावरून येणारं पाणी भेगेत जात होतं आणि जाताना आवाजही करत नव्हतं. मी वाकून बघायला गेले तशी भावानं माझा दंड धरला. काठाच्या बरोबर खाली आमच्या वाडीची कौलं दिसत होती. एका घराच्या चुलीचा धूर वर येत होता.

भावानं तिथूनच तलाठ्याला फोन लावला. दुपारपर्यंत कचेरीची माणसं आली, भेग बघून आली आणि सगळ्यांनी खालच्या गावच्या शाळेत जायचं असं सांगून गेली. पलीकडच्या आळीतली माणसं लगेच आवरायला लागली. अंथरुणं, पीठमिठाचे डबे, पोरांची दप्तरं डोक्यावर घेऊन ओळीनं साकवाकडं निघाली. ओढ्याचं पाणी साकवाच्या पोटाला टेकायला आलं होतं. उशीर झाला असता तर साकवही गेला असता आणि आम्ही डोंगर आणि ओढा यांच्यात अडकलो असतो.

आण्णा सोप्यात खांबाला टेकून बसले होते. म्हसरं शाळेत नेता येत न्हाईत, एवढंच ते म्हणत होते. भावानं खालच्या गावात एकाचा पत्र्याचा गोठा विचारून ठेवला होता. तेही सांगितलं. तरी ते हलेनात. भाऊ चिडला, आवाज चढला. मी दोघांच्या मधे बसले आणि शाळेत पोरांना समजावते तसं पाणी, माती, उतार असं काहीबाही सांगायला लागले. आण्णांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"डोंगूर कुठनं येतो ते मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "आपल्या घरावर येत न्हाय."

मग आत्ती बोलली. आत्ती आण्णांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर तरुणपणीच माहेरी आली ती इथंच राहिली. ती चुलीपाशी बसून हे सगळं ऐकत होती. तिनं मला विचारलं, "गाडलं का म्हंत्यात, ठावं हाय का तुला?"

तिच्या आज्याच्या लहानपणी अशाच पावसात डोंगर खाली आला होता. तेव्हा वाडी एकसलग होती, मधे मोकळा पट्टा नव्हता. मधली घरं माणसांसकट मातीखाली गेली. कुणाला बाहेर काढता आलं नाही. पुढं त्या मातीवर गवत आलं, मग कुणीतरी नाचणी पेरली, मग भात. घर मात्र कुणी बांधलं नाही. जी घरं वाचली त्यांच्या दोन आळ्या झाल्या.

माझं सगळं लहानपण त्या शेतात गेलं होतं. चिखलात लावणी केली होती, बांधावर बसून भाकरी खाल्ली होती. मी आण्णांना विचारलं, की तुम्हाला हे ठाऊक होतं?

"सगळ्यास्नी ठावं हाय," ते म्हणाले. "पोरांस्नी कोन सांगतंय? आन् म्हनूनच म्हंतो. त्याची वाट ठरल्याली हाय. आला तर गाडल्यातनंच येनार. आपलं घर कडंला हाय."

आत्ती उठली, गुडघ्यावर हात देत गोठ्यात गेली आणि मोठ्या म्हशीचं दावं सोडलं. डोक्यावर पोतं घेऊन ती म्हशीला धरून वाटेला लागली. तिचं वय ऐंशीच्या घरात, वाट निसरडी, म्हैस बुजरी. आण्णा थोडा वेळ बघत राहिले. मग शिव्या देत उठले आणि दुसरं दावं सोडायला गेले. त्यांच्या शिव्या ऐकून मला रडू आलं.

साकवावर पाणी चढलं होतं. घोट्याएवढंच, पण ओढ चांगलीच होती. एक म्हैस पार गेली, मोठी मधेच थांबली. भाऊ पुढून ओढत होता, आण्णा मागून तिच्या पाठीवर थापा मारत होते, आणि मी आत्तीला कमरेत धरून उभी होते. पुढं पाऊल टाकता येईना, मागंही फिरता येईना. शेवटी म्हैस हलली.

दोन दिवसांनी दुपारी शाळेच्या वर्गात आम्ही जेवायला बसलो होतो. आधी खडी भरलेला ट्रक रिकामा करतात तसा आवाज आला. मग तो थांबेचना. व्हरांड्यात येऊन बघितलं तर ओढ्यापलीकडं सड्याचा काठ तुटून खाली येत होता, झाडं उभीच्या उभी सरकत होती. प्रत्येक जण आपलं घर शोधत होता. माती गाडल्यातून उतरली, पट्टाभर पसरली आणि खाली ओढ्याला जाऊन टेकली. आमच्या घराच्या भिंतीला ती खिडकीपर्यंत लागली आणि तिथंच थांबली.

आण्णा म्हणाले होते तसंच झालं. घर उभं होतं.

मला वाटलं होतं, आता ते खाली राहायला तयार होतील. झालं उलटं. त्यांचा हट्ट आता खरा ठरला होता. पाऊस संपल्यावर भावानं रस्त्याकडेला, सरकारनं वाडीसाठी दिलेल्या जागेत दोन खोल्या बांधल्या. आण्णा मात्र वरच राहिले आणि आत्ती त्यांना भाकरी करून घालायला वर राहिली. पुढं दर आषाढात तीच भांडणं. दर वेळी मला वडगावहून फोन करून समजूत घालावी लागायची. पाऊस वाढला की मला वर्गात शिकवणं सुचायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात आत्ती खाली भावाकडं आली आणि तिनं वर निरोप धाडला, आता चढ चढवत नाही, मी वर येणार नाही. आण्णा दोन-चार दिवस एकटेच वर राहिले. मग भावाला म्हणाले, शिडी घेऊन ये.

मी गेले तेव्हा ते वळचणीला शिडीवर उभं राहून कौलं उतरवून देत होते. भाऊ खाली रचत होता. नव्या घराच्या पडवीला लागणार होती म्हणे. त्यांनी मला वरूनच विचारलं, जेवून आलीस का. मी खालून म्हटलं, आण्णा, घर मोडताय का?

"कौलं चांगली हायत," ते म्हणाले. "हितं कशाला ठेवायची?"

आणि पुढचं कौल त्यांनी माझ्या हातात दिलं.