मास्तरणीचा टायफॉइड

शिंप्याच्या दुकानात कापड बेतणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात. कोपऱ्यावरच्या या दुकानात कात्री बाईच्या हातात होती, म्हणून ती मास्तरीण. नवरा काजं-बटणं करायचा, इस्त्री मारायचा आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, कारण गोड बोलणं हे तिचं कामच नव्हतं. माप देताना कोणी पोट आत ओढलं, तर ती टेप तशीच धरून वाट बघायची. "सोडा श्वास. कपडा पोटासकटच घालायचाय ना?"

अशा बाईला ताप आला, तेव्हा तिने तापालाच दम दिला. संध्याकाळी अंग तापायचं, रात्री उशी घामाने भिजायची आणि सकाळी ती पुन्हा मशीनवर. खोकला म्हणावा असा नव्हता. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग बदलून दिल्या, छातीचा फोटोही काढला. फोटोत काही नव्हतं. "वजन उतरलंय का?" त्यांनी विचारलं. "छे," ती म्हणाली, "कपडे होते तसेच बसतात."

आणि ती खोटं बोलत नव्हती. सैल कपडा तिच्या डोळ्यांना खुपायचा, मग तो कोणाच्याही अंगावर असो. स्वतःचा कुडता जरा ढगळ वाटला की तो मशीनखाली जायचा आणि बाजूची शिवण आत यायची. जांभई द्यावी तितक्या सहज ती हे करायची आणि विसरूनही जायची. बाई झिजत चालली होती आणि कपडे मात्र अंगासरसे. रोज शेजारी झोपणाऱ्या नवऱ्याला काही दिसलं नाही, याचा मला राग येतो. पण तिच्या हाताची सफाईच अशी, की तो तरी बिचारा काय करणार?

लेक परगावी नोकरीला होती. ती सुटीला आली, आईचे कपडे इस्त्रीला घेतले आणि कुडता उलटा करताच थबकली. आत शिवणीला लागून शिवण, तिला लागून आणखी एक, पुढे आणखी एक. ती उठली आणि आईच्या दंडाला हात घातला. तिची बोटं पलीकडून एकमेकांना टेकली.

"उद्या मोठ्या दवाखान्यात जायचं," लेक म्हणाली.

"शाळेचे गणवेश द्यायचेत."

"पोरं जुन्या गणवेशात शिकतील. तू चल."

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई मोजकं बोलणाऱ्या. लेकीने सोबत आणलेला कुडता त्यांनी उलटा करून नीट बघितला, मग छातीचा फोटो पुन्हा काढला. या वेळी दोन्ही फुप्फुसं वरपासून खालपर्यंत ठिपक्यांनी भरलेली, बाजरी सांडावी तशी. डोळ्यांत थेंब घालून आतला पडदा तपासला, तिथेही ठिपके. पाठीतलं पाणी काढून आजार मेंदूपर्यंत गेलाय का ते बघितलं. मेंदू तेवढा वाचला होता.

"टीबी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रक्तातून अंगभर पसरलेला. मिलियरी म्हणतात याला. सुरुवातीच्या फोटोत कधीकधी दिसतच नाही. काही तपासण्यांचे निकाल यायला वेळ लागेल, पण तोवर थांबायचं नाही. औषध आजपासून."

"नाही घेतलं तर?"

"तर तुम्ही राहणार नाही."

"आणि घेतलं तर?"

"बऱ्या व्हाल. पण कित्येक महिने, एकही दिवस न चुकवता."

मास्तरणीला असं रोखठोक बोलणं आवडलं. थुंकीत जंतू सापडले नव्हते, म्हणजे तिच्यापासून इतरांना फारसा धोका नव्हता. तरी नवऱ्याची आणि लेकीची तपासणी झाली आणि दोघंही सुटली.

ती घरी पोचली त्याच्या आधी बातमी पोचली होती की मास्तरणीला टायफॉइड झाला. बातमी नवऱ्याचीच. "टायफॉइडला लोक फळं घेऊन येतात," तो म्हणाला, "टीबी म्हटलं की पाठ फिरवतात." गोळ्या भर बाजारातल्या सरकारी केंद्रात फुकट मिळत होत्या. पण रांगेत कोणी बघेल म्हणून तो बस धरून दुसऱ्या गावाहून आणायचा. तिच्यात तेव्हा भांडायचं त्राण नव्हतं. गोळ्यांनी लघवी केशरी झाली, तेव्हा मात्र म्हणाली, "रंग पक्का दिसतोय."

मग बसवाल्यांचा संप झाला. गोळ्या संपल्या. नवरा आज मिटेल, उद्या मिटेल करत बसला आणि ताप परत आला. तेव्हा ती उठली, भिंत धरून चप्पल घातली आणि बाजारातल्या केंद्राच्या रांगेत जाऊन उभी राहिली. डॉक्टरबाईंनी फोनवर तिला झापलं. असा पुन्हा पुन्हा खंड पडला तर हेच औषध चालेनासं होईल, म्हणाल्या. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, "तुमच्या अब्रूपायी मी मरायची नाही. मी गेले तर अब्रू राहील घरात, पण तिला स्वयंपाक येत नाही."

त्यानंतर एकही दिवस चुकला नाही. ताप गेला, भूक आली आणि ती पुन्हा कात्री घेऊन उभी राहिली. एका दुपारी दुकान भरलेलं असताना सोनाराची बायको सुनेला घेऊन आली. "काय मास्तरीण, टायफॉइड बरा झाला ना?"

"हो हो, अगदी," नवरा म्हणाला.

"टायफॉइड नव्हता," मास्तरीण म्हणाली. "टीबी आहे. औषध चालू आहे. बाही किती ठेवायची?"

सोनाराच्या बायकोने कापड उचललं, सुनेला नजरेने उठवलं आणि बाहेर पडली. मागोमाग आणखी काही जणी गेल्या. नवऱ्याची इस्त्री एका कॉलरवर तशीच टेकून राहिली होती, जळका वास सुटला तेव्हा त्याला भान आलं.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

"झालं. ती कॉलर बदलून द्या."

थोड्या वेळाने ती सून एकटीच परत आली. मापाचा कुडता राहिला, म्हणाली. कुडता हातात मिळाल्यावरही ती हलेना.

"राहिला नव्हता," ती हळूच म्हणाली. "ठेवला होता. मलाही ताप येतो. रोज संध्याकाळी. घरात कोणाला सांगितलेलं नाही."

मास्तरणीने गळ्यातली टेप काढून नवऱ्याकडे दिली. "दुकान बघा. आम्ही केंद्रात जाऊन येतो."

पायरीवर सून थबकली. "मागच्या गल्लीने जाऊ या का?"

"नाही. बाजारातूनच."

"आणि कोणी विचारलं तर?"

"मलाच विचारतील. सांगीन, गोळ्या आणायच्या होत्या, एकटीला चालवेना, म्हणून हिला सोबतीला घेतलं."

आणि गेले कित्येक दिवस बाजारातून ताठ मानेने चालणाऱ्या मास्तरणीने कंबर जराशी वाकवली, आजाऱ्यासारखा त्या पोरीच्या खांद्यावर हात टाकला आणि भर रस्त्याने निघाली.