नळ कशालाच जोडलेला नव्हता

भूत, भानामती, करणी यातलं मला काही पटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. या ग्रुपवर मी इतकी वर्षं फक्त वाचायला येतो, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसायला. सत्यनारायणाला जातो तो शिऱ्यासाठी. त्यामुळे हे लिहिताना माझंच मला कसंतरी वाटतंय... पण घडलं ते घडलं, आणि तेही भर सकाळी, उन्हात, माणसांच्या गर्दीत.

मी नुकताच कॉलेजातून बाहेर पडलो होतो आणि अंधेरीच्या एका छोट्या जाहिरात कंपनीत प्रॉडक्शन को-ऑर्डिनेटर होतो. पद ऐकायला भारदस्त. काम काय, तर शूटिंगमध्ये जे चुकेल ते ज्याच्या नावावर टाकता येतं, तो माणूस. बहुतेक वेळा ते माझ्यामुळेच चुकलेलं असायचं म्हणा. निवडणुकीचा हंगाम होता आणि आमच्याकडे एका पक्षाचं काम होतं. (कुठल्या ते विचारू नका, अजून पोट त्याच धंद्यावर आहे.) आधीच्याच आठवड्यात मी त्यांच्या सभेसाठी फेटे मागवले होते — ते आले नेमके विरोधकांच्या रंगाचे. उमेदवार जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही. आमच्या डिरेक्टर सरांनी मला बाजूला घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "निलेश, आता एक चूक... आणि मग तू घरी." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

पुढची फिल्म पाण्याची होती. वसई-विरारमध्ये निवडणुकीची फिल्म पाण्यावर नाही करणार तर कशावर करणार? चाळीतली गृहिणी नळ सोडते, पाणी येतं, हंडा भरतो, ती हसते, मागून भारदस्त आवाज — शब्द पाळला वगैरे. मी लगेच छाती पुढे काढली. "सर, लोकेशन माझ्यावर सोडा, मी विरारचाच." मनवेलपाड्यात माझा शाळेतला मित्र रूपेश राहायचा. बैठी चाळ, पुढे अंगण, सकाळचं ऊन थेट शेवटच्या भिंतीवर. सर खूश झाले. अडचण एकच, त्या भिंतीवर नळ नव्हता. चाळीत पाणी यायचं ते टँकरने.

पण नसलेली गोष्ट दाखवणं हाच तर आमचा धंदा. आर्टवाले बबनदादा बाजारातून नवाकोरा पितळी नळ घेऊन आले, भिंतीला आरपार भोक पाडून तो बसवला आणि वर चहाचं पाणी फासून पाच मिनिटांत जुना केला. भिंतीमागे संडासाच्या स्लॅबवर एक पिंप ठेवलं. पिंपातून पाईप खाली आणून मागून नळाला जोडायचा. 'ॲक्शन' ऐकलं की मी पिंपाचा कॉक सोडायचा. पिंप भरायला टँकर बोलवायचा, तोही मीच. एवढंच काम.

टँकर वेळेवर आला. चाळीत दोन दिवस पाणी नव्हतं, आणि नेमकी त्याच संध्याकाळी रूपेशच्या बहिणीची हळद. त्याची आई, सुमनकाकी, कडेवर हंडा घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"निलेश, बाळा, शूटिंगला कितीसं पाणी लागतं रे?"

"एक पिंप, काकी. बाकीचं अंगण ओलं करायला. कॅमेऱ्यात छान दिसतं."

"अंगण ओलं करायला," काकी म्हणाल्या.

मी म्हटलं, "घ्या काकी. सगळ्या एकेक हंडा घ्या."

विरारमध्ये वाढलेल्या माणसाने हे वाक्य बोलावं यापरता गाढवपणा नाही. बघता बघता शेजारच्या दोन चाळीही रांगेत. मी स्वतः पाईप धरून हंडे भरत होतो आणि बायका माझ्या आईवडिलांच्या संस्कारांचं कौतुक करत होत्या. इतकं कौतुक माझ्या वाट्याला आधी कधी आलंच नव्हतं. मी वाहवत गेलो. पिंप भरायचं राहिलंय हे आठवलं, तेव्हा टँकरमधून नुसती हवा येत होती.

"दुसरी फेरी कब?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"शाम को. वो भी देखता हूँ."

"अरे पण माझं पिंप..."

"मेरेको क्या बोलता है? तूनेच बोला ना लेने दो." आणि तो गेला.

पाण्याच्या जारवाल्याचा फोन लागेना. शेवटी निर्लज्ज होऊन ठरवलं, काकींकडे पाणी परत मागायचं. आत गेलो तर मोठमोठी पातेली भरलेली, कोणी तांदूळ धूत होतं, पाहुण्यांची पोरं आंघोळीला उभी. काकींनी माझ्या हातात पोह्यांची बशी दिली. "खा. तुझ्यामुळे आज पाहुण्यांत माझी लाज राहिली बघ." मी पोहे खाल्ले. चांगले झाले होते. दुसऱ्यांदाही घेतले. आणि पाण्याचं नाव न काढता बाहेर आलो.

भिंतीमागे बबनदादा बिडी ओढत बसले होते. पाईपचं वेटोळं त्यांच्या पायाशी तसंच पडलेलं. "पिंप भरलं की सांग, मग जोडतो," म्हणाले. मी म्हटलं, "भरतोय."

तेवढ्यात पलीकडून सरांचा आवाज — "ऊन मस्त आलंय, घेऊन टाकू. निलेश, रेडी?"

खरं सांगायला हवं होतं. पण नोकरी जाणारच आहे तर दोन मिनिटं उशिरा जाऊ दे, असा मी विचार केला. पाणी नाही आलं की म्हणायचं, पाईपात हवा अडकली. मग मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात कायमचं बसायचं. ओरडलो, "रेडी सर."

"ॲक्शन."

रिकाम्या हंड्यात धार पडते तेव्हा आधी पत्र्यासारखा खणखणीत आवाज येतो, मग तो जाड होत जातो. पाण्याच्या गावात वाढलेल्यांना नाही कळायचं, आम्हाला तो आवाज झोपेतही ओळखू येतो. तो आवाज भिंतीपलीकडून येत होता.

बबनदादांनी माझ्याकडे बघितलं. मी पायाशी पडलेल्या पाईपकडे. मग वाकून भिंतीच्या भोकात डोकावलो. नळाचं मागचं तोंड समोरच होतं, उघडं. मी त्यात बोट घातलं. कोरडं. बोटाला सिमेंटची भुकटी लागली... आणि पलीकडे हंडा भरत होता.

"निलेश, फोर्स थोडा कमी," सर ओरडले.

मी जागचा हललो नाही. हलवण्यासारखं होतंच काय? पण आवाज बारीक झाला.

"बस, बस, असाच ठेव."

"ठेवला, सर," मी म्हटलं.

सरांनी मनसोक्त टेक घेतले. 'कट' म्हटलं की गृहिणी झालेली नटी नळ बंद करायची, 'ॲक्शन'ला सोडायची, पाणी यायचं. पॅकअप झाल्यावर सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात कंट्रोल. शिकतोयस हळूहळू." नोकरीत मला मिळालेली ती पहिली शाबासकी, आणि तीही मी न केलेल्या कामाची. बबनदादांनी नळ काढताना एकदाच विचारलं, "काय केलंस रे?" मी म्हटलं, "काही नाही." "नको सांगू," ते म्हणाले, "ज्याचं त्याचं तंत्र असतं." तेव्हापासून लाईनीत मी पाण्याच्या शॉटचा एक्सपर्ट म्हणून ओळखला जातो. आजही पावसाचा सीन असला की मला फोन येतो.

नंतर मी रूपेशला तेवढं सांगितलं, तेव्हा त्याने एका प्लंबरला आणून ती भिंत दाखवली. एका विटेची भिंत, आत कसलीही लाईन नाही. तो शॉट दाखवून तुमची खात्री पटवावी, तर तोही नाही. पक्षाच्या ऑफिसात फिल्म दाखवली तेव्हा तिथले साहेब म्हणाले, "विरारच्या नळाला एवढं पाणी? लोक हसतील. काढा हे." त्याऐवजी उमेदवार हात जोडून उभा आहे असा शॉट घातला. निवडून आला की नाही, आठवत नाही.

बरीच वर्षं मी हे काकींना सांगितलं नव्हतं. गेल्या दिवाळीत रूपेशकडे फराळाला गेलो, तेव्हा सगळं सांगून टाकलं — टँकर, पिंप, कोरडं बोट, सगळं. काकी हातातली करंजी तशीच धरून ऐकत होत्या.

"म्हणजे त्या दिवशी तू पाणी परत मागायला आला होतास?"

"हो काकी."

"आणि मी तुला पोहे दिले. अरे, बोलायचंस की. एक पिंप काय, काढून दिलं असतं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "नोकरी गेली असती ना रे तुझी."

मी म्हटलं, "काकी, ते राहू दे. पण नळाला पाणी कुठून आलं?"

काकींनी माझ्या बशीत अजून एक करंजी टाकली. "आता ते कसं सांगणार बाळा? इथे सगळी जन्मभर विचारतात, पाणी का नाही आलं. का आलं, हे विचारायची वेळच कधी आली नाही कुणावर."

माझ्यावर आली आहे. कोणाला काही सुचत असेल तर सांगा. मला आजही सुचलेलं नाही.